सॅमसन, मुक्काम पाली

ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या माणसाला विचारा, काम सगळ्यात जास्त कुठं अडतं? सर्व्हर बसतो तिथं नाही, ओटीपी येत नाही तिथंही नाही. आडनावाच्या रकान्यात अडतं. पालीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. आधारवर एक आडनाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरं, असं गिऱ्हाईक मला नवीन नाही. जुन्या फेरफारात तर पुष्कळदा आडनावच नसतं. 'गणू धोंडू' एवढ्यावर माणूस संपतो. 2023 साली कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला आणि लोक पणजोबांच्या नावाचे अंधुक फोटो मोबाइलमध्ये घेऊन माझ्या काउंटरवर येऊ लागले. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर मी एका सॅमसनचं मूळ शोधायला निघाले. असल्या शोधाची सुरुवात कुठून करतात, हे मला विचारू नका. तेव्हाही माहीत नव्हतं, आजही पुरतं कळलंय असं नाही.

काका ठाण्याहून एसटीनं आले होते. सत्तरी कधीच उलटलेली, अंगात पांढरा बुशशर्ट, बोलण्यात 'हपीस' आणि 'ठेसन'. चतुर्थी नव्हती, त्यामुळे बल्लाळेश्वराच्या रस्त्यावर गर्दी नव्हती आणि मला बोलायला वेळ होता. त्यांना मोबाइलमधल्या एका कागदाची प्रिंट हवी होती. कागद हिब्रूत. उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं पाहून प्रिंट उलटी तर निघाली नाही ना, म्हणून मी कागद फिरवून पाहिला. काकांचा नातू इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो, सातवीत आहे. तिकडे त्या वयाच्या मुलांना शाळेत घराण्याच्या मुळांवर एक प्रकल्प करावा लागतो. काकांच्या मुलीनं प्रश्नांखाली मराठी लिहून पाठवलं होतं. तुमचं आडनाव काय? ते कुठून आलं? घराण्यात ते पहिल्यांदा कोणी लावलं? उत्तरांना दोन-दोन ओळींची जागा.

"आडनाव सॅमसन," काका म्हणाले. "वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा. आई सांगायची, हे लोक मूळचे सुधागडातले. म्हटलं, पालीला जाऊन कोणालातरी विचारावं."

तो कोणीतरी म्हणजे मी.

सुधागड तालुक्यात सॅमसन! मला पहिल्यांदा आठवलं ते कोर्लई. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज चौल सोडून गेले त्याला 1740 सालापासूनचा काळ लोटला, पण त्या वाडीत अजून पोर्तुगीजमधून निपजलेली बोली बोलतात आणि आडनावंही तिकडचीच. तेव्हा हे तसंच काहीतरी असणार, असा मी अंदाज बांधला आणि काकांना तसं विचारलं. काका हसले. "आम्ही ज्यू. बेने इस्राएल. पूर्वी तुमच्याकडं आम्हाला शनवार तेली म्हणायचे." तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. मी नंतर पालीतल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहिलं. तेली आठवत होते, शनवार कोणाला आठवत नव्हता.

आता सुरुवात आडनावापासूनच करावी, असं ठरवलं. इंग्रजी आडनावांबद्दल माझं ज्ञान शाळेपुरतं होतं. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. त्याच चालीवर सॅमसन म्हणजे सॅमचा मुलगा असणार, आणि सॅम म्हणजे सॅम्युअल. दोन ओळींत बसणारं उत्तर. माझा भाचा मुंबईत कॉलेजात आहे. त्याला खात्री करून घ्यायला सांगितली. त्यानं एका ग्रंथालयातून पी. एच. रीनी यांच्या 1958 सालच्या ब्रिटिश आडनावांच्या कोशातली पानं फोटो काढून पाठवली आणि मग आम्ही दोघं मिळेल ते वाचत सुटलो.

तर या नावातला 'सन' हा मुलगा नव्हेच. नाव अख्खंच्या अख्खं बायबलमधलं. मराठी बायबलात ज्याला शमशोन म्हणतात, केसांत ज्याचं बळ होतं तो दांडगा गडी, त्याचं मूळ हिब्रू नाव शिमशोन. ग्रीक-लॅटिनमधून येता येता त्याचं सॅमसन झालं. पण इंग्रजांकडे ते थेट बायबलातूनच आलं असंही नाही. सहाव्या शतकात सॅमसन नावाचा एक संत होऊन गेला. जन्म वेल्समधला, समुद्र ओलांडून तो ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाला गेला आणि दोल या गावी त्यानं मठ उभारला. त्या मुलखातल्या लोकांनी मग मुलांची नावं त्याच्यावरून ठेवली. 1066 साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडवर चालून गेला तेव्हा त्याच्या फौजेत ब्रिटनीचे लोक होते. त्यांच्याबरोबर हे नाव इंग्लंडात रुजलं. बरी सेंट एडमंड्स इथल्या मोठ्या मठाचा प्रमुख 1182 पासून 1211 पर्यंत एक सॅमसनच होता. सहाशे वर्षांनी, 1843 साली, कार्लाइलनं आपल्या 'पास्ट अँड प्रेझेंट' या पुस्तकात त्याला नायक करून ठेवला.

इथपर्यंत हे सगळं पहिलं नाव. आडनाव कधी झालं? इंग्लंडातही सामान्य माणसाला आडनाव असायचं कारणच नव्हतं. गावात चार जॉन झाले की एक जॉन टेकडीवरचा, एक लोहार, एक सॅमसनचा. बापाचं नाव मागं लागायचं आणि पुढच्या पिढीत बदलायचं. ते गोठलं कागदामुळे. जमिनीचे कागद, कोर्टाचे कागद आणि कराचे कागद. 1377 साली तिथं डोईपट्टी बसवली, चौदा वर्षांवरच्या जवळजवळ प्रत्येकाला. म्हणजे कोणा कारकुनाला गावोगावच्या माणसांची यादी करावी लागली. यादीत दोन जॉन सारखे दिसून चालत नाही. बाराव्या शतकापासून चौदाव्यापर्यंत अशा याद्या वाढत गेल्या आणि आडनावं त्यांत बसून पक्की झाली. पुढे उच्चारात मध्येच एक 'प' घुसला आणि काही सॅमसनांचे सॅम्पसन झाले. आणखी एक गोष्ट मला चक्रावणारी वाटली. इंग्लंडातल्या ज्यूंना राजानं 1290 मध्ये देशाबाहेर काढलं आणि 1656 पर्यंत त्यांना उघडपणे परत येता आलं नाही. म्हणजे हे नाव ज्यूंच्या ग्रंथातलं असलं, तरी तिकडे आडनाव म्हणून पक्कं झालं ते बहुतेक ख्रिस्ती घरांत.

एवढं सगळं मी काकांना फोनवर वाचून दाखवलं. विल्यम, डोईपट्टी, दोलचा संत, सगळं. काकांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाले, "छान आहे गं. पण या दोलवाल्याचा आणि आमचा संबंध काय?"

काही नाही. तिथंच तर माझं डोकं फिरलं. अक्षरं तीच, उच्चार तोच, पासपोर्टवर स्पेलिंग तेच, आणि इतिहास मात्र एका पैशाचा सारखा नाही.

काकांनी मग त्यांच्याकडचं पुस्तक आणून दिलं. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास. पुस्तक लिहून झालं 1897 साली आणि छापलं गेलं 1937 मध्ये, तेल अवीवला. तोवर केहीमकर जिवंत नव्हते. इंग्रजी जुनं, छपाई बारीक. मी दुकान बंद केल्यावर रात्री थोडं थोडं वाचायची आणि अडलेले शब्द भाच्याला पाठवायची. त्यात, आणि काकांच्या तोंडून, जे कळलं ते असं. फार पूर्वी, किती पूर्वी यावर अभ्यासकांचं एकमत नाही, या लोकांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ही त्यांची परंपरेची कथा. 2016 मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्यू आणि इथलं, दोन्हीकडचं रक्त निघालं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या आजीचा भानोला खाल्ला असता तर त्यांचा तपासणीचा खर्च वाचला असता."

हे लोक कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत पसरले, मराठी बोलू लागले, आणि त्यांची आडनावं गावांवरून पडली. किहीमचे केहीमकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर, थळचे थळकर, आवासचे आवासकर, पेझारीचे पेझारकर, तसेच नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर. अशी शंभराहून जास्त गावं त्यांच्या आडनावांत आहेत. यादी वाचताना मला एसटीचा फलक वाचतेय असं वाटत होतं.

आणि नावं? तीही इथलीच झाली होती. शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, एलियाचा एलोजी, इसहाकचा इसाजी. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत हे लोक मोठ्या संख्येनं शिरले, सुभेदार झाले, त्याच्याही वर चढले. त्यातले समाजी हसाजी दिवेकर हे म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आले. 1796 साली त्यांनी मुंबईत मांडवीला प्रार्थनामंदिर बांधलं, बेने इस्राएलांचं मुंबईतलं पहिलं. आपल्याकडचे ज्यू त्याला मशीदच म्हणायचे. मध्य रेल्वेच्या मशीद ठेसनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. त्या गल्लीचं नाव मात्र झालं सॅम्युअल स्ट्रीट. समाजी स्ट्रीट नाही, दिवेकर स्ट्रीटही नाही. इंग्रजीत लिहायची वेळ आली की समाजी हसाजी दिवेकर हा माणूस सॅम्युअल एझिकेल होतो. दिवेकर गळून पडतो आणि बापाचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं.

हे एकदा लक्षात आल्यावर मला सगळीकडे तेच दिसू लागलं. मुंबईत महालक्ष्मी-वरळीकडे डॉ. ई. मोझेस रोड आहे. मी त्या रस्त्यानं कैक वेळा गेलेय आणि कोणी गोरा डॉक्टर असेल असं धरून चाललेय. ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, 1937-38 सालचे मुंबईचे महापौर. राजपुरीचे म्हणजे आमच्या मुरुडकडचे! रस्त्याला नाव मिळालं ते त्यांच्या नावामागच्या मोझेसचं. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा, डेव्हिड, तो डेव्हिड अब्राहम चेऊलकर. जेरुशा झिराड या मोठ्या डॉक्टर, 1966 च्या पद्मश्री. त्यांच्या घराण्यानं गाव ठेवलं आणि 'कर' टाकला. आणि सॅमसन म्हटलं की नृत्यांगना लीला सॅमसन. त्यांचे वडील व्हाइस अॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन नौदलात होते, बेने इस्राएल. "तुमच्या नात्यातले?" मी काकांना आशेनं विचारलं. "प्रत्येक सॅमसन नात्यातला असता तर लग्नं कोणाशी लावली असती आम्ही?" काका म्हणाले.

तरी एक कोडं सुटत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात समाजी, हसाजी ही नावं मागं पडून बायबलातली नावं वर आली. मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या होत्या. जॉन विल्सन यांनी तर 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं. समाजाला आपली जुनी नावं ग्रंथात छापलेली दिसली आणि ती लोकांनी परत घेतली. पण ती परत घेताना इंग्रजी वळणानं का घेतली? शिमशोन किंवा शमशोन का नाही, सॅमसन का? काकांनी यावर फार विचार केला नव्हता. "नोकरी इंग्रजाची," ते म्हणाले. मला वाटतं, एवढंच उत्तर पुरेसं आहे. पल्टन, रेल्वे, पोस्ट, कस्टम. ज्या कचेरीत पगार मिळायचा, तिथल्या मस्टरवर साहेबाला वाचता येईल असंच नाव हवं.

म्हणजे सॅमसन हे नाव काकांच्या घराण्यात कोणा एका माणसाचं होतं, आणि त्याच्या मुलाच्या किंवा नातवाच्या कागदावर ते आडनाव झालं. तो माणूस कोण, आणि त्याच्यामागं कुठल्या गावाचा 'कर' लपलाय, हे शोधायचं होतं. मी पालीतच विचारत बसले होते आणि पालीत अडचण निराळीच. आज आमची पाली रायगड जिल्ह्यात आहे. 1981 पर्यंत जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. आणि 1948 पर्यंत पाली इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात नव्हतीच. सुधागड तालुका भोर संस्थानचा, पंतसचिवांच्या अंमलाखालचा. म्हणजे काकांच्या आजोबांचा राजा निराळा, कचेरी निराळी, दप्तर निराळं. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

या भानगडीत आणखी एक गंमत कळली. ज्यांना आपण पंतसचिव म्हणतो त्या घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण, आडनाव गांडेकर. राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिलं आणि हुद्दाच घराण्याला चिकटला. मग मला आठवलं, रोज ज्या देवळासमोरून मी दुकानात येते ते बल्लाळेश्वराचं दगडी देऊळ नाना फडणविसांनी बांधलं. फडणवीस हा हुद्दा. त्यांचं नाव बाळाजी जनार्दन आणि आडनाव भानू. भानू कोणाला आठवतोय? आणि आत बसलेला गणपती तर अष्टविनायकांतला एकटाच असा, जो भक्ताच्या नावानं ओळखला जातो: बल्लाळ या वाण्याच्या पोराचा ईश्वर. सुधागडाच्या पायथ्याचं पाच्छापूर हे खरं पातशाहपूर. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1681 साली संभाजी महाराजांच्या आसऱ्याला आला, तो तिथं उतरला होता. म्हणजे गावाचं नावही एका पाहुण्यापायी बदलतं. आता त्या गावच्या माणसाला पाच्छापूरकर म्हटलं, तर आडनावाचं मूळ दिल्लीत शोधायचं की काय? सात वर्षं दुकान चालवते मी, आडनावाच्या रकान्याशी रोज भांडते, आणि समोरच्या देवळात ही सगळी मंडळी बसलेली असताना मला त्यांच्याकडे बघायचं सुचलं नव्हतं.

सुगावा शेवटी पालीत नाही, मुलुंडला लागला. काकांच्या थोरल्या बहिणीच्या ट्रंकेत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. अलिबागच्या मराठी शाळेचा, घड्यांवर फाटलेला, मागून खळ लावून चिकटवलेला. दाखले वाचणं हे तर माझं रोजचं काम. विद्यार्थ्याचं नाव, पुढे वडिलांचं शमशोन, आणि मग आडनाव: रोहेकर. जात: इस्राएल. जन्मस्थळ: पाली, संस्थान भोर.

मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. काकांचे वडील मराठी शाळेत रोहेकर होते. त्याच ट्रंकेत रेल्वेतल्या नोकरीचा एक इंग्रजी कागद होता, दाखल्यानंतर थोड्याच वर्षांचा. त्यात पहिलं नाव आहे, मग सॅमसन, आणि पूर्णविराम. रोहेकराला जागा उरली नाही. कोणी सांगून काढलं, की कारकुनानं पहिले दोन शब्द घेतले आणि तिसरा सोडला? कागद बोलत नाही. पण इंग्रजी पद्धतीच्या रकान्यात दोनच नावं मावतात, स्वतःचं आणि शेवटचं. आपल्याकडे मध्ये बाप असतो, तो कुठं बसवायचा? कोणा पोरासमोर असा कागद आला आणि बाप शेवटच्या जागी गेला. शमशोन आजोबांना बिचाऱ्यांना पत्ताही नसेल की आपण आडनाव झालो.

काका फोनवर खूश होते आणि मी मात्र नव्या गोंधळात. आई म्हणायची मूळचे सुधागडातले, दाखला म्हणतो जन्म पालीचा, आणि आडनाव म्हणतं रोहा. यातलं खरं कुठलं? वाकण, कोलाड करत पालीहून रोहा काही फार लांब नाही, पण गाव ते गाव. मी हा प्रश्न आमच्या शेजारच्या पापड-मिरगुंडांच्या दुकानातल्या आजींसमोर सहज मांडला. त्यांना बेने इस्राएल वगैरे काही ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "रोह्यात कोण कोणाला रोहेकर म्हणेल? तिथं सगळेच रोह्याचे. रोहा सोडून इकडं आला, म्हणून इकडच्यांनी रोहेकर म्हटलं."

मी हातातलं गिऱ्हाईक सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. केहीमकरांच्या जाडजूड पुस्तकातून मला जे उमगलं नव्हतं ते आजींनी पापड मोजता मोजता सांगितलं. माझं आडनावही 'कर'वालं आहे. ते गाव रत्नागिरीत आहे आणि आमच्यातल्या कोणीही ते पाहिलेलं नाही. अर्थात नाही! ते सोडलं म्हणून तर आडनाव पडलं. माणूस कुठला राहणारा हे त्यात नसतंच. कुठून निघाला हे असतं, आणि तेही नव्या गावातल्या लोकांनी ठरवलेलं. पालीत मला पालीकर म्हणायला कोणी नाही. पण मी उद्या ठाण्याला बिऱ्हाड केलं, तर चाळीतल्या बायका 'ती पालीची' म्हणतीलच. रोहेकर हे नाव शेजारच्या गावानं दिलं, सॅमसन हे नाव नोकरीच्या कागदानं. दोन्ही वेळा घरच्यांना कोणी विचारलं असेल असं दिसत नाही. इंग्लंडच्या 1377 च्या डोईपट्टीवाल्या कारकुनानं तरी कोणाला विचारलं होतं?

यात जातधर्माचाही हिशेब लागत नाही. चौलकर हिंदूही सापडतील, ज्यूही. पारकर म्हटलं तर हिंदूही असेल आणि कोकणी मुसलमानही. मला वाटायचं, आडनाव सांगितलं की माणूस कळतो, आणि गावात तर हा सगळ्यांचाच आवडता खेळ. रोहेकर या तीन-चार अक्षरांवरून फक्त रस्ता कळतो, तोही एका बाजूचा. शमशोनच्या आधीचा कोणीतरी रोह्याहून उठला, इकडे आला, बहुधा घाणा टाकला, शनिवारी बंद ठेवला. त्याच्याआधी ते रोह्यात तरी कुठून आले? तेव्हा त्यांना काय म्हणत असतील?

काकांबरोबर मग अलिबागला जाऊन आले. इस्राएल आळीतलं प्रार्थनामंदिर 1848 चं, 1910 मध्ये नव्यानं बांधलेलं. आत पाऊल टाकताना चप्पल काढायची की डोक्यावर ओढणी घ्यायची, मला काहीच कळेना, काकांनी खिशातून टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि मला म्हणाले, "तू ये तशीच, पदर असता तर घेतला असतास." तिथल्या गृहस्थांनी आमचा दाखला पाहिला आणि पहिला प्रश्न काकांना विचारला, "रोहेकर, मग आई कोणाची?" सॅमसनबद्दल अवाक्षर नाही. लग्न जमवताना 'कर'च बघतात, कारण सॅमसन, बेंजामिन, सॅम्युअल ही नावं इतक्या घरांत की त्यावरून काहीच ओळख पटत नाही. काकांचे वडील लवकर गेले आणि काका आईच्या माहेरी वाढले, म्हणून त्यांच्याकडे हा धागा तुटला; नाहीतर ठाण्यातल्या त्यांच्या वयाच्या बहुतेकांना आपला 'कर' पाठ असतो. इस्रायलला गेलेल्यांतही दिवेकर, पेणकर, रोहेकर अजून आहेत. तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलंय.

नातवाचा कागद भरायला काका पुन्हा दुकानात आले. मी मराठीत टाइप करायचं, मुलीनं तिकडे हिब्रू करायचं, असं ठरलं. आडनाव कुठून आलं, याला दोन ओळी. काकांनी सांगायला सुरुवात केली आणि मी चौथ्या ओळीवर त्यांना थांबवलं. विल्यम आणि दोलचा संत काढून टाकू का, असं विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. पोराच्या वर्गात रशियाची मुलं आहेत, मोरोक्कोची आहेत, कोणाला तरी उपयोग होईल." शेवटी वेगळं पान जोडलं. मूळ गाव या रकान्यात त्यांनी 'रोहा' सांगितलं, मग 'नाही, पाली घाल' म्हणाले, मग दोन्ही घालायला लावलं. 'घराण्यात आडनाव पहिल्यांदा कोणी लावलं' इथं आम्ही लिहिलं: पणजोबांनी, रेल्वेत नोकरीला लागताना.

दोन दिवसांनी नातवाचा फोन आला. मुलीनं मध्ये पडून भाषांतर केलं. त्याला बाकी सगळं पटलं होतं, एकच विचारायचं होतं. शमशोनचा बाप कोण?

दाखल्यावर ते नाही. ज्यू माणसाच्या कबरीवर मात्र अमक्याचा मुलगा तमका, असं हिब्रूत कोरलेलं असतं, काही ठिकाणी खाली मराठीतही. शमशोन आजोबांची कबर रोह्याजवळ अष्टमीला असावी, असं काकांच्या बहिणीला अंधुकसं आठवतंय. पाऊस उघडला की जायचं ठरवलंय. काका दगड वाचतील, मी फोटो काढेन, आणि गवत कापायला रोह्याचाच एक माणूस सांगून ठेवलाय. त्याचं आडनाव विचारलं, तर ते निघालं पालकर. कुठल्या पालीचे, ते त्यालाही सांगता येईना.